अकरा मिनिटं

मार्च सरता सरता नागपुरात कूलर उतरतात.
खालच्या नंदनवारांकडे पत्रा घासणं चाललंय,
वाळ्याच्या जुन्या ताट्या अंगणात उन्हाला टाकल्यात,
आणि मी जिन्यात उभी, हातात भाजीची पिशवी,
पाऊल वर जात नाही.

ते घरही असंच गार असायचं.
पंप चालू, पंखा तीनवर,
भिंतीपलीकडे सासू जागी.
नंतर म्हणाली, कूलरच्या आवाजात
काही ऐकू आलं नाही बाई.
तीन उन्हाळे तिला काही ऐकू आलं नाही.

मेडिकलच्या ओपीडीत मेश्राम मॅडमनी
केसपेपर उलटा केला
आणि कोऱ्या बाजूवर लिहीत गेल्या.
असंही करता येतं, म्हणाल्या, आणि असंही.
मला वाटलं होतं, एकच काहीतरी असेल,
तापावर असतं तसं.
इथं तर साडीचं दुकान:
हे उघडून बघा, ते राहू द्या,
आज नाही घेतलं तरी चालेल.
हे शेवटचं त्या दोनदा बोलल्या.
माझ्या "नाही"साठी एवढी जागा
कोणी रिकामी ठेवली नव्हती.

गोळी घेतली. झोप आली,
जीभ मात्र सुतासारखी कोरडी.
सांगितलं, तर अर्धी केली.
आत्यानं बांधलेला काळा दोरा मनगटात होता,
त्याला मॅडम काही बोलल्या नाहीत.

मग ते बोटांचं.
त्या दोन बोटं डावीकडे नेतात, उजवीकडे नेतात,
मान न हलवता डोळ्यांनी मागे जायचं
आणि मनात तो दिवस धरून ठेवायचा.
पहिल्या खेपेला हसूच आलं.
दुसऱ्या खेपेला पाचपावलीतला बाबांचा माग आठवला,
ताण्यातून पळणारा धोटा,
खट् इकडे, खट् तिकडे.
तुटलेला धागा बाबा थुंकी लावून जोडायचे.
गाठ राहायची. लुगडं तरी विकलं जायचं.
तिसऱ्या खेपेला ओकले.
बादली मॅडमनी आधीच ठेवली होती.

गुरुवारी सतरंजीवर गट बसतो.
काय झालं, हे कोणी कोणाला विचारायचं नाही.
सुलक्षणा खोब्रागडे सहा गुरुवार
आपल्या चपलेचा अंगठा बघत बसली,
सातव्याला म्हणाली, "पंखा कमी करा नं कोणी."
आम्ही टाळ्या वाजवल्या नाहीत,
पण तिघी एकदम उठलो.
वच्छलाबाई काटोलहून एसटीनं येतात,
त्यांना श्वास मोजायचा भारी कंटाळा.
"चार आत, सहा भाईर, काहून?
श्वास का भाड्यानं आणला?"
असं म्हणतात, आणि मोजतात.

यादीत सगळ्यात खाली तक्रारीचा कागद आहे.
त्याच्यापुढे मी अजून काहीच लिहिलेलं नाही.

मे आला. चव्वेचाळीस, पंचेचाळीस,
परवा सेहेचाळीसच्या वर.
पत्र्याच्या खोलीत पोरगी घामोळ्यांनी रडते.
कॉटन मार्केटमागून जुना कूलर आणला.
आधी बटण कुठे आहे ते बघितलं,
खाट ओढून त्याच्या हाताशी केली.
लावला.

दिसतील त्या पाच वस्तू मोज, मॅडम सांगतात.
तांब्या. पोरीची वेणी. कॅलेंडर. खिळा.
माझा हात.
पुन्हा: तांब्या, वेणी,
पंप गुरगुरतो, भिंत जवळ येते,
खिळा, खिळा, खिळा,
माझा हात.
अकराव्या मिनिटाला उठून बंद केला.
पोर झोपेत कुरकुरली.
ओला वारा थोडा वेळ खोलीत राहिला.
बंद मी केला.

गुरुवारी सांगितलं, अकरा.
मॅडमनी लिहून घेतलं.
सुलक्षणानं चपलेवरची नजर उचलली,
आणि वच्छलाबाई म्हणाल्या,
"पण गवत कोणतं लावलं?
वाळाच घे बापा,
त्या दुसऱ्याले वास नसते."